पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्डावर रोजची ऑपरेटिंग सिस्टिम चालवली तर ते किती टिकतं?

प्रश्न असा आहे: ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबंटू ही लिनक्स सिस्टिम टाकून तोच रोजच्या कामाला वापरायचा आहे. सतत लिहून लिहून तो झिजेल का? आणि झिजणार असेल, तर लॅपटॉपमधल्या एसएसडीचीही तीच काळजी करायची का?

एसएसडीची काळजी जवळजवळ सोडून द्या. पेन ड्राइव्ह, एसडी कार्ड आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी, या तिघांची मात्र जरूर करा. आतली चिप सगळीकडे नँड फ्लॅशच असते. आयुष्य ठरतं ते तिच्यासमोर बसून तिचं वाचन-लेखन सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर आणि डेस्कटॉप सिस्टिम ज्या पद्धतीने लिहिते त्यावर. किती जीबी लिहिले यापेक्षा ते किती बारीक तुकड्यांत, किती विखरून लिहिले हे जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक सल्ले इथेच चुकतात.

झीज नेमकी कशाची

फ्लॅशच्या सेलमध्ये विद्युतभार अडकवून माहिती ठेवली जाते. हा भार आत घालायला आणि बाहेर काढायला वीसेक व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरातून पलीकडे ढकलले जातात. दर फेरीला त्या थराचं थोडं नुकसान होतं. काही इलेक्ट्रॉन त्यातच अडकून बसतात, काही वाटा गळक्या होतात. मग सेलमधल्या भाराच्या पातळ्या एकमेकींत मिसळायला लागतात आणि वाचताना चुका वाढतात. कंट्रोलर त्या चुका दुरुस्त करत राहतो. ज्या दिवशी त्याची ताकद कमी पडते, त्या दिवशी तो ब्लॉक बाद होतो.

एका सेलमध्ये जितके जास्त बिट, तितक्या जास्त पातळ्या आणि तितकी चुकीला जागा कमी. एसएलसीत एक बिट, म्हणजे दोन पातळ्या. तो साधारण ५०,००० ते १,००,००० फेऱ्या सोसतो. दोन बिटांचा एमएलसी ३,००० ते १०,०००, तीन बिटांचा टीएलसी १,००० ते ३,०००, आणि सोळा पातळ्यांचा क्यूएलसी हजाराच्या आसपास किंवा त्याहून कमी. आजच्या बाजारातल्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये टीएलसी किंवा क्यूएलसी असतो, आणि बऱ्याचदा एसएसडीसाठी नापास झालेल्या प्रतीचा. खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

१९८७ मध्ये तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाने नँड फ्लॅश मांडला, तेव्हापासून एक नियम बदललेला नाही: लिहायचं पानापानाने, पुसायचं मात्र अख्ख्या ब्लॉकने. पान ४ ते १६ केबीचं असतं, ब्लॉक कित्येक एमबीचा. आणि लिहिलेल्या पानावर पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. पाटीवरची एक ओळ बदलायची, पण फडकं असं की ते सगळी पाटीच पुसतं. म्हणून आधी बाकीच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायच्या. संगणकाला यातलं काही दिसत नाही, कारण कंट्रोलर मध्ये बसून कुठला पत्ता खरोखर कुठे आहे याचा तक्ता सांभाळत असतो.

हा तक्ता सांभाळण्यातच एसएसडी आणि पेन ड्राइव्हचं आयुष्य वेगळं होतं. चांगल्या एसएसडीचा कंट्रोलर पानापानाचा हिशोब ठेवतो. त्याच्याजवळ स्वतःची रॅम (डीरॅम) असते किंवा संगणकाची थोडी रॅम तो उसनी घेतो. हजारो छोटी लेखनं गोळा करून तो सलग लिहितो आणि न हलणारा जुना डेटाही अधूनमधून हलवून झीज सगळीकडे सारखी वाटतो. पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरकडे रॅम नावालाच असते. तो बहुधा मोठ्या ब्लॉकचाच हिशोब ठेवतो आणि एका वेळी मोजकेच ब्लॉक उघडे ठेवू शकतो. सिनेमा कॉपी करताना यात काहीच अडत नाही, कारण लेखन सलग असतं. पण डेस्कटॉप एका जागी ४ केबी, मग भलत्याच जागी ४ केबी असं लिहायला लागला, की दर वेळी एक उघडा ब्लॉक बंद करायचा, त्यातलं कामाचं उरलेलं दुसरीकडे न्यायचं आणि नवा उघडायचा. तुमचे ४ केबी लिहायला आत एमबीच्या हिशोबात लेखन होतं. याला लेखनवाढ म्हणू.

आता आकडे घ्या. ३२ जीबीचा टीएलसी ड्राइव्ह, १,००० फेऱ्या, झीज अगदी समान वाटली गेली असं धरलं तर एकूण ३२ टीबी लिहिता येतील. लेखनवाढ २० धरा. विखुरलेल्या लेखनाला हा आकडा काही फार नाही. मग तुमच्या बाजूने उरतात १.६ टीबी. डेस्कटॉप दिवसाला १० जीबी लिहीत असेल तर १६० दिवस. तेच १० जीबी ५०० जीबीच्या सॅमसंग ८७० इव्होवर लिहा. त्याची हमी ३०० टीबी लेखनाची आहे, आणि ती संगणकाकडून आलेल्या लेखनाची आहे, आतली वाढ गृहीत धरून दिलेली. म्हणजे ३०,००० दिवस, ऐंशीहून जास्त वर्षं. पहिला हिशोब अंदाजाचा आहे, फेऱ्या आणि वाढ तुमच्या ड्राइव्हप्रमाणे दोन्हीकडे सरकतील, पण दोन्हींमधलं अंतर खरं आहे.

काही न करताही सिस्टिम काय लिहीत असते

नुसता ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलात तरी डिस्कवर लेखन चालू असतं. फायरफॉक्स उघड्या टॅबची अवस्था, काही बदल झाला असेल तर, दर १५ सेकंदांनी फाइलीत उतरवतो. पाच-पन्नास टॅब असतील तर ती फाइल चांगली मोठी होते. त्यावर कॅशे, कुकीज, इतिहास. यातला बराचसा भाग एसक्यूलाइटच्या डेटाबेसात जातो आणि एसक्यूलाइट आपला डेटा खरोखर डिस्कवर पोचला याची खात्री करायला एफसिंक मागतं. एफसिंक आलं की सिस्टिमला ते लेखन रॅममध्ये साठवून ठेवता येत नाही, लगेच खाली ढकलावं लागतं. ही बारीक, अडून बसलेली लेखनं स्वस्त कंट्रोलरला सगळ्यात जड जातात.

मागे सिस्टिमच्या घडामोडी टिपणारा सिस्टिमडीचा जर्नल आणि कित्येक ठिकाणी त्याच्या जोडीला आरसिसलॉग, म्हणजे एकच नोंद दोनदा. ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइलप्रणाली, दर ५ सेकंदांनी आपली नोंदवही (तिचा स्वतःचा जर्नल) खाली उतरवते. फाइल शोधणारी सेवा अनुक्रमणिका बनवत असते, फोटोंच्या फोल्डरमध्ये गेलात की लघुप्रतिमा तयार होतात. पॅकेज अद्ययावत करताना ती बसवणारं डीपीकेजी फाइलीमागून फाइल एफसिंक करत जातं, म्हणूनच पेन ड्राइव्हवर अपडेट तासभर रेंगाळतं. आणि रॅम अपुरी पडली की स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर टाकण्याचा प्रकार. या सगळ्यांत सगळ्यात घातक तोच, कारण त्याला वरची मर्यादाच नाही. २ जीबी रॅमवर आधुनिक ब्राउझर चालवला तर दिवसाला कितीतरी जीबी नुसते इकडून तिकडे होतात.

नोंदींचं लेखन क्षुल्लक वाटत असेल तर टेस्लाचं उदाहरण पाहा. २०१२ ते २०१८ च्या मॉडेल एस आणि २०१६ ते २०१८ च्या मॉडेल एक्स गाड्यांच्या मधल्या पडद्यामागे लिनक्स चालणारा संगणक होता आणि त्याला फक्त ८ जीबीची ईएमएमसी. सिस्टिम तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहिली. सुमारे ३,००० फेऱ्यांची ती चिप पाच-सहा वर्षांत झिजायला लागली आणि पडद्याबरोबर मागचा कॅमेरा, काचेवरचं धुकं घालवण्याची नियंत्रणं हेही बंद पडायला लागलं. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२१ मध्ये परत मागवणीची विनंती केली आणि फेब्रुवारीत सुमारे १,३५,००० गाड्या परत मागवल्या गेल्या. त्या ईएमएमसीचा कंट्रोलर पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरपेक्षा बराच बरा होता, हे लक्षात घ्या.

आधी मोजा

उपायांच्या याद्या डोळे झाकून राबवण्याआधी तुमची सिस्टिम दिवसाला किती लिहिते ते पाहा. लिनक्सवर ड्राइव्हचं नाव एसडीए असेल तर /सिस/ब्लॉक/एसडीए/स्टॅट या फाइलीतला सातवा आकडा म्हणजे सुरू झाल्यापासून लिहिलेले सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे. २,०४८ ने भागलं की एमबी मिळतात. सकाळी एकदा बघा, संध्याकाळी एकदा बघा, वजा करा. ईएक्सटी४ फाइलप्रणाली आपला जन्मापासूनचा हिशोब वेगळा ठेवते. तो टीयूएनईटूएफएस आदेशाला लहान ‘एल’ पर्याय दिला की ‘लाइफटाइम राइट्स’ या ओळीत दिसतो.

कोण लिहितंय हे पाहायला आयओटॉप, ‘एओ’ पर्यायांसह. म्हणजे तो फक्त खरोखर वाचन-लेखन करणारे प्रोग्रॅम दाखवतो आणि बेरीज करत जातो. अर्धा तास नेहमीचं काम करा आणि मग यादी पाहा. बहुतेक वेळा वर ब्राउझर असतो, खाली ईएक्सटी४ च्या जर्नलचा जेबीडी२, आणि रॅम कमी असेल तर स्वॅपचं काम करणारा केस्वॅपडी. केस्वॅपडी वर दिसला तर बाकीच्या उपायांचा विचार नंतर, आधी रॅमचं बघा.

काय बदलायचं, आणि कोणत्या क्रमाने

पहिला स्वॅप. डिस्कवरची स्वॅप फाइल बंद करा: स्वॅपऑफ द्या, /ईटीसी/एफएसटॅब (सुरू होताना काय काय जोडायचं याची यादी) मधल्या तिच्या ओळीपुढे # लावा, फाइल काढून टाका. तिच्या जागी झेडरॅम लावा. म्हणजे रॅमचाच एक भाग, ज्यात न लागणारी पानं दाबून ठेवली जातात. डेबियन आणि उबंटूवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज पुरतं. त्याच्या फाइलीत दाबण्याची पद्धत झेडएसटीडी आणि प्रमाण ५० टक्के ठेवा. फेडोरात तर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हेच मुळात चालू असतं. इथे एक गल्लत हमखास होते. ‘स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती झुकायचं तो आकडा) १० करा’ हा जुना सल्ला डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅम लावल्यावर तो उलटा पडतो, कारण आता स्वॅप स्वस्त आहे आणि फाइलींची कॅशे फेकून पुन्हा ड्राइव्हवरून वाचणं महाग. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत चढवता येतो. १०० ते १८० च्या दरम्यान ठेवा. हायबरनेट अर्थातच सोडून द्यायचं. रॅम ४ जीबीहून कमी असेल तर पेन ड्राइव्हवर पूर्ण डेस्कटॉप चालवण्याचा हट्ट करू नका.

दुसरा ब्राउझर. फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग पानावर ‘ब्राउझर.कॅशे.डिस्क.एनेबल’ फॉल्स करा. कॅशे रॅममध्ये राहते. ‘ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल’ १५००० आहे, तो मिलिसेकंदांचा आकडा आहे. ३००००० केलात तर टॅबची नोंद पाच मिनिटांनी होईल, आणि ब्राउझर कोसळला तर फार तर शेवटच्या पाच मिनिटांतले टॅब जातील. क्रोमला कॅशेची जागा सुरू करतानाच द्यावी लागते. ती /टीएमपी मध्ये वळवा आणि /टीएमपी टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या फाइलप्रणालीवर, असू द्या. रॅम ८ जीबी असेल तर प्रोफाइल-सिंक-डीमन वापरण्यासारखा आहे. तो ब्राउझरची पूर्ण प्रोफाइल रॅममध्ये नेतो आणि तासातासाने खाली उतरवतो. एफसिंकचा मारा खऱ्या अर्थाने थांबतो तो यानेच, कारण एफसिंक आता रॅमवर जाऊन आदळतो.

तिसऱ्या नोंदी. /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ मध्ये ‘स्टोरेज’ला ‘व्होलाटाइल’ आणि ‘रनटाइममॅक्सयूज’ला ५० एम द्या, आरसिसलॉग वेगळा चालत असेल तर बंद करा. याची किंमत माहीत असू द्या: मशीन अचानक बंद पडलं तर ते का पडलं हे सांगणाऱ्या नोंदीही गेल्या. ते परवडत नसेल तर लॉग२रॅम घ्या. तो नोंदी रॅममध्ये ठेवून दिवसातून एकदा कार्डावर उतरवतो.

मग एफएसटॅब. मूळ विभाजनाच्या ओळीत पर्याय असे ठेवा: डीफॉल्ट्स, नोएटाइम, कमिट=६०, एरर्स=रीमाउंट-आरओ. फाइल कधी वाचली ती वेळ न लिहिणाऱ्या नोएटाइमचा गाजावाजा खूप आहे, पण २००९ च्या २.६.३० कर्नलपासून रिलॅटाइमच मुळात चालू असतो आणि तो बहुतेक फाइलींची वाचनवेळ दिवसातून फार तर एकदाच लिहितो. म्हणून फायदा थोडाच, पण फुकट आहे. कमिट ५ वरून ६० सेकंदांवर नेल्याने एफसिंक न मागणाऱ्या प्रोग्रॅमांचं लेखन एकत्र होतं. वीज गेली तर मिनिटभराचं काम जाऊ शकतं, हे धरून चाला. शेवटचा पर्याय काढू नका. बिघाड सुरू झाला की विभाजन लगेच वाचण्यापुरतं करणारा तोच आहे.

ईएक्सटी४ चा जर्नल पूर्णच काढून टाका, असाही सल्ला दिला जातो. तो मी देणार नाही. वाचणारं लेखन किरकोळ आणि एकदा वीज गेली की फाइलप्रणालीची दुरुस्ती तुमच्या नशिबावर. एफ२एफएसबद्दल मात्र चांगलं बोलता येतं. सॅमसंगने फ्लॅशसाठीच लिहिलेली ही फाइलप्रणाली फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ कर्नलपासून लिनक्समध्ये आहे, आणि ती विखुरलेली लेखनं सलग करून खाली पाठवते. स्वस्त कंट्रोलरला नेमकं हेच हवं असतं. पण कित्येक डिस्ट्रोंचे इन्स्टॉलर ती मूळ विभाजनाला देत नाहीत, आणि बिघडल्यावर वाचवण्याची साधनं ईएक्सटी४ इतकी मुरलेली नाहीत. हौस आणि बॅकअप दोन्ही असतील तर जरूर वापरा.

विभाजन करताना दोन गोष्टी सांभाळा. सुरुवात ४ एमबीच्या पटीत असू द्या. एसडी कार्डाचा पुसण्याचा पसंतीचा आकार सिसमधल्या ‘प्रिफर्ड_इरेज_साइझ’ या फाइलीत दिसतो आणि तो बहुधा ४ एमबीच असतो. आणि नव्या कोऱ्या ड्राइव्हचा शेवटचा पाचवा हिस्सा विभाजनाबाहेर, न लिहिता ठेवा. कंट्रोलर बरा असेल तर ती जागा तो अदलाबदलीला वापरतो.

मशीनचं काम ठरलेलं असेल, म्हणजे फलक दाखवणारा पडदा, शाळेतली संगणक खोली, ग्रंथालयातला शोधसंगणक, तर यातलं काहीच करत बसू नका. मूळ विभाजन वाचण्यापुरतं ठेवून वर रॅमचा थर चढवा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर रास्पी-कॉन्फिग उघडा, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. उबंटूत ओव्हरलेरूट हे पॅकेज आहे. दिवसभराचे बदल रॅममध्ये होतात आणि बंद केल्यावर नाहीसे होतात, कार्डावर लेखन जवळजवळ शून्य. सिस्टिम अद्ययावत करायची असेल तेव्हा थर काढायचा, अपडेट करायचं, पुन्हा लावायचा. इतका टिकाऊ दुसरा उपाय नाही, आणि तो फार कमी लोक वापरतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

झिजलं नाही, पण वीज गेली

‘कार्ड झिजलं’ म्हणून फेकलेली बरीच कार्डं झिजलेली नसतात. लिहीत असताना वीज गेलेली असते. टीएलसी आणि एमएलसीत एकाच सेलमध्ये दोन-तीन पानांचे बिट राहतात आणि ती पानं वेगवेगळ्या वेळी लिहिली जाऊ शकतात. वरचं पान लिहिता लिहिता वीज गेली तर त्याच सेलमधलं आधी नीट लिहिलेलं खालचं पानही बिघडतं. म्हणजे ज्या फाइलीला महिनाभर कोणी हात लावला नाही, तीही जाऊ शकते. कंट्रोलरचा तक्ताच अर्धवट राहिला तर अख्खं कार्ड ओळखू येत नाही. महागड्या सर्व्हर-एसएसडीत यासाठी कपॅसिटर असतात. कार्डात ते नसतात.

म्हणून जिथे भारनियमन आहे किंवा पावसाळ्यात वीज ये-जा करते, तिथे कार्ड बदलण्याआधी यूपीएस लावा. लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला असेल तर बॅटरी हाच यूपीएस, फक्त ड्राइव्ह ढिल्या पोर्टमध्ये लोंबकळत नसावा. रास्पबेरी पायवर व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड हा आदेश द्या. उत्तर ०एक्स० आलं तर ठीक, ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी वीजदाब कमी पडला होता. फोनचा चार्जर आणि लांब बारीक केबल हे नेहमीचं कारण. अशा पायवर कितीही महाग कार्ड टाका, ते बिघडणारच.

ईएमएमसीचे लॅपटॉप

३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी आणि २-४ जीबी रॅमचे स्वस्त लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या हातात खूप आहेत. त्यावर विंडोज असलं की पेजफाइल (विंडोजचा स्वॅप), अपडेट आणि भरत आलेली जागा असा तिहेरी मार बसतो, आणि चिप बोर्डाला झाळलेली असल्यामुळे साधी बदलताही येत नाही. बरी गोष्ट एवढीच की ५.० आणि पुढच्या ईएमएमसी आपली झीज स्वतः सांगतात. लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून /सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/डिव्हाइस/लाइफ_टाइम ही फाइल वाचा. दोन आकडे दिसतील. ०एक्स०१ म्हणजे १० टक्क्यांपर्यंत झीज, ०एक्स०२ म्हणजे २० पर्यंत, असं चढत ०एक्स०ए म्हणजे ९० ते १००, आणि ०एक्स०बी म्हणजे ठरवलेलं आयुष्य संपलं. शेजारच्या प्री_ईओएल_इन्फो मध्ये ०१ असेल तर सगळं ठीक, ०२ म्हणजे राखीव ब्लॉकांपैकी ८० टक्के वापरून झाले, ०३ म्हणजे आजच डेटा काढा. जुना असा लॅपटॉप विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी ही फाइल वाचाच.

खराब होत असल्याच्या खुणा

साध्या पेन ड्राइव्हला आणि कार्डाला आपली अवस्था सांगायची सोय नसते. खुणा आपणच ओळखायच्या. मशीन अधूनमधून दहा-वीस सेकंद गोठतं. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीएमईएसजीत बफर आय/ओ एररच्या ओळी येतात. विभाजन आपोआप वाचण्यापुरतं होतं. सगळ्यात फसवी खूण वेगळीच आहे: फाइल काढून टाकली, सिस्टिमने हो म्हटलं, आणि पुन्हा सुरू केल्यावर फाइल जागच्या जागी. वॉलपेपर बदलला तरी जुनाच परत येतो, फॉरमॅट केलं तरी सगळं जसंच्या तसं. हे कार्ड आतून कुलूपबंद झालेलं असतं. लेखन स्वीकारल्याचं सांगतं, पण करत काहीच नाही. अशा कार्डावर फॉरमॅटची साधनं एकामागून एक चालवण्यात वेळ घालवू नका. वाचता येतंय तोवर डेटा काढून घ्या. बिघडलेल्या ड्राइव्हवरून डेटा वाचवणारा जीएनयू डीडीरेस्क्यू चालवा: आधी ‘एन’ पर्यायाने, म्हणजे अडलेल्या जागा सोडून, आणि मग ‘आर३’ ने उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न. प्रतिमा, म्हणजे पूर्ण ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि दुरुस्ती त्या प्रतिमेवर करा.

नवीन ड्राइव्ह आठवड्यातच असं वागला तर तो नकली असण्याची शक्यता जास्त. ८ जीबीची चिप आणि वर २५६ चं लेबल, असा माल बाजारात आणि ऑनलाइन भरपूर आहे. वापरायला काढण्याआधी एफ३राइट आणि एफ३रीड चालवा, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. पूर्ण भरून पूर्ण वाचतात, तासभर जातो, पण संशय फिटतो.

मग घ्यायचं काय

कार्डच लागणार असेल तर ए१ किंवा ए२ चिन्हाचं घ्या. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४,००० आणि २,०००. ही खूण वेगाची आहे, आयुष्याची नाही. पण विखुरलेलं लेखन झेपणारा कंट्रोलर आत आहे एवढं तरी त्यातून कळतं. ए२ चा पुरता वेग वाचकयंत्राने साथ दिली तरच मिळतो. ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं कॅमेऱ्याच्या सलग चित्रीकरणासाठी बनतात आणि त्यांची हमी तासांत दिलेली असते. चिप खरंच चांगली असते, पण ते तास डेस्कटॉपला लागू होत नाहीत. लागते त्यापेक्षा दुप्पट-चौपट क्षमता घ्या. ब्लॉक जास्त, तेवढी झीज वाटली जाते.

रोजचं काम असेल तर माझं मत एकच: १२० किंवा २४० जीबीची साधी साटा एसएसडी आणि यूएसबीची जोडणी. चांगल्या पेन ड्राइव्हच्या आसपासच खर्च येतो. जोडणी यूएएसपी (यूएसबीवरून डिस्क वेगाने चालवण्याची पद्धत) चालणारी घ्या. रास्पबेरी पाय ४ चे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा वीजपुरवठा नसेल तर मर्यादा ६०० मिलिअँपिअरची आहे, आणि एसएसडी मध्येच गायब होण्याचं कारण बहुधा हेच. पाय ५ ला एम.२ ची पाटी लावून एनव्हीएमई थेट जोडता येते. तो त्याहून चांगला मार्ग.

यूएसबीवर ट्रिम, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली हे एसएसडीला कळवणं, चालतंय का तेही तपासा. एलएसबीएलके आदेशाला कॅपिटल ‘डी’ पर्याय द्या. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या रकान्यांत शून्य दिसलं तर ट्रिम पोचत नाही, म्हणजे काढून टाकलेल्या फाइलीही एसएसडी जिवंत समजून वाहत राहते. जोडणीची चिप अनमॅप (ट्रिमचंच यूएसबीकडचं रूप) समजत असेल तर त्या ड्राइव्हच्या ‘प्रोव्हिजनिंग_मोड’ फाइलीत ‘अनमॅप’ लिहून ते चालू होतं, आणि यूडेव्हचा नियम केला की कायमचं. चिपला ते नीट जमत नसताना जबरदस्ती केली तर डेटा जाऊ शकतो. म्हणून आधी रिकाम्या ड्राइव्हवर एफएसट्रिम चालवून, फाइली टाकून, परत वाचून खात्री करा. पुढे एफएसट्रिमचा आठवड्याचा टायमर पुरतो, एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड लावायची गरज नाही. बाहेरून पेन ड्राइव्ह दिसणारे पण आत एसएसडीचा कंट्रोलर असलेले ड्राइव्हही आता मिळतात, ते याच रकान्यांवरून ओळखू येतात.

आतल्या एसएसडीवर वरचे उपाय करू नका. स्वॅप राहू द्या, नोंदी राहू द्या, ब्राउझरला हात लावू नका. २०१३ ते २०१५ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने सहा एसएसडी मरेपर्यंत लिहून पाहिल्या. २५६ जीबीची सॅमसंग ८४० प्रो २ पीबीच्या, म्हणजे २,००० टीबीच्या, पुढे गेली. इंटेलची ३३५ सुमारे ७०० टीबीला ठरल्याप्रमाणे वाचण्यापुरती झाली आणि पुढच्या रीबूटला पूर्णच गेली. म्हणून ‘आयुष्य संपलं तरी वाचता येईल’ यावर विसंबू नका. अंदाज घ्यायला स्मार्टसीटीएल आहे: एनव्हीएमईत ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’, साटात निर्मात्याप्रमाणे १७७, २०२ किंवा २३३ क्रमांकाची ओळ. घेताना क्यूएलसी आणि टीएलसीतला फरक मात्र बघा. १ टीबीच्या ८७० इव्होला ६०० टीबीची हमी आहे, तेवढ्याच क्षमतेच्या ८७० क्यूव्हीओला ३६०. रोज शेकड्याने जीबी व्हिडिओ हलवणाऱ्याला हा फरक लागतो, घरच्या वापराला नाही.

झिजलेली एसएसडी कपाटात ठेवून देऊ नका. चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने हमीचं लेखन संपल्यावरही वीज नसताना ३० अंशांना वर्षभर डेटा टिकवला पाहिजे. त्यापुढची जबाबदारी नाही, आणि तापमान वाढलं की ही मुदत झपाट्याने घटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीतलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही. जुन्या फोटोंची एकमेव प्रत अशा ड्राइव्हवर असेल तर ती या आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवा. पेन ड्राइव्हवर सिस्टिम चालवणार असाल तर सगळं मनासारखं बसवून झाल्यावर त्याची एक पूर्ण प्रतिमा डीडीने काढून ठेवा. ड्राइव्ह गेला की नव्यावर ती उतरवायला अर्धा तास लागतो. नवा ड्राइव्ह तेवढा किंचित मोठा घ्या, कारण दोन ‘३२ जीबी’चे ड्राइव्ह सेक्टर मोजले तर क्वचितच सारखे भरतात.